वाड्याबाहेरचे निळूभाऊ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही सहा जणांनी एका रात्रीत अभिनेते निळू फुल्यांचे ‘सामना’, ‘सिंहासन’ आणि ‘सारांश’ असे तीन चित्रपट लागोपाठ पाहिले आणि मी त्यावर लिहिलं. तुमचं म्हणणं असं की, ही निवड शहरी, शिकलेल्या लोकांच्या सोयीची आहे, गावोगावच्या तंबू-थिएटरातल्या प्रेक्षकाने डोक्यावर घेतलेला निळूभाऊ त्यात औषधालाही नाही. दुसरं, सारखा चित्रपट थांबवून, मागे नेऊन बघणं म्हणजे ‘शवविच्छेदन’. आणि तिसरं, ‘सामना’ हा त्यांचा पहिला महत्त्वाचा चित्रपट, हे माझं वाक्य साफ चूक.

तिसरं आधी निकालात काढू, कारण तिथे मला बोलायला जागाच नाही. दिग्दर्शक अनंत मान्यांचा ‘एक गाव बारा भानगडी’ 1968 सालचा. त्यातल्या झेलेअण्णांच्या भूमिकेने निळूभाऊंना घराघरांत पोचवलं. ‘पिंजरा’सुद्धा 1972 चा, म्हणजे ‘सामना’च्या आधीचाच. मी घाईत लिहिलं, चुकलं.

आता निवडीबद्दल. माझी आत्या टीव्हीवर खलनायक निळूभाऊ दिसले की बोटं मोडायची. खरोखर, कडाकडा. तो माणूस राष्ट्र सेवा दलात वाढलेला, आधी माळीकाम केलेला, हे कोणी तिला सांगितलं असतं तरी तिचा विश्वास बसला नसता. आणि नेमकं याच माणसाला आम्ही, म्हणजे माझ्या वयाची मंडळी, कशावरून ओळखतो? नकलांवरून. प्रत्येक स्नेहसंमेलनात कोणीतरी मान तिरकी करून, घोगऱ्या आवाजात ‘बाई, वाड्यावर या’ म्हणतं आणि सगळे हसतात. आत्याला ज्या माणसाची भीती वाटायची त्याचा आम्ही विनोद करून ठेवलाय. पाटलाच्या भूमिकेतले निळूभाऊ पडद्यावर आले की आम्हाला आधी नकलाकार आठवतात. त्या रात्री मला ती नक्कल खोलीबाहेर ठेवायची होती. तुम्ही याला सोवळेपणा म्हणालात. असेल थोडा. पण हेतू हा होता.

‘सामना’त निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील आहेच की पुढारी, साखर कारखानदार, गावाचा मालक. पण त्याला त्या दारुड्या मास्तरबद्दल आधी कुतूहल वाटतं. गंमत म्हणून तो त्याला घरी आणतो, जवळ बसवतो. मग ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न यायला लागतो आणि तो काही केल्या थांबत नाही. मास्तर झालेल्या डॉ. श्रीराम लागूंचं काम सगळ्यांना दिसतं, कारण प्रश्न त्यांच्या तोंडी आहे. पण प्रश्न झेलायचा कोणी? आवाज न चढवता, यजमानपण न सोडता, आतून सैल होत जाणारा हिंदुराव बघायचा तर नजर लागूंवरून मुद्दाम काढून घ्यावी लागते. आम्ही मागे नेऊन बघितलं ते यासाठी. एकदा लागूंसाठी, एकदा निळूभाऊंसाठी.

त्यानंतर ‘सिंहासन’मधला निळूभाऊंचा दिगू टिपणीस. तेच दिग्दर्शक जब्बार पटेल, तेच पटकथाकार विजय तेंडुलकर, समोर पुन्हा लागू. आणि इकडे सत्तेचा एक कणही हातात नसलेला पत्रकार. दिगू बहुतेक वेळ फक्त ऐकतो. मुख्यमंत्र्यांचं ऐकतो, अर्थमंत्र्यांचं ऐकतो, आणि शेवटी त्याचं ते वेड्यासारखं हसणं. ज्या देहबोलीवर आख्खा वाडा उभा राहायचा, ती या माणसाने कुठे नेऊन ठेवली होती? आमच्यात यावर बराच वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, खांदे पाहा. मी अजूनही म्हणते, डोळे.

‘सारांश’ सुरू झाला तेव्हा दोघं झोपले होते. त्यामुळे त्यातल्या गजानन चित्रेबद्दल मी लेखात दोनच ओळी लिहिल्या, हे तुम्ही बरोबर पकडलंत. तीन चित्रपट हा हावरटपणाच झाला.

थांबवून बघण्याबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक 1972 मध्ये रंगमंचावर आलं. सेन्सॉरशी झगडा, कोर्टकचेरी, सगळं झालं. त्यातला निळूभाऊंचा सखाराम ज्यांनी पाहिला त्यांच्याकडे फक्त आठवण उरली. माझ्यासारखीला ती एक नजर, तो एक थांबा पुन्हा बघायची काहीही सोय नाही. चित्रपटात ती आहे, तर वापरू नको? हां, पहिल्यांदाच बघणाऱ्याच्या शेजारी बसून रिमोट चालवणं हा अन्याय आहे. आमच्यातल्या एकाने ‘सिंहासन’ पूर्वी पाहिलाच नव्हता, आणि तो बिचारा शेवटी वैतागून म्हणाला, “आता तरी चालू ठेवा.” तेवढ्यापुरता तुमचा आक्षेप मान्य.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेनंतरच सुचली. नक्कल खोलीबाहेर ठेवण्यासाठी मी त्यांचे पाटलाच्या भूमिकांचे तमाशापटच बाहेर ठेवले. पण नकलेने घालवलेली भीती परत मिळाली तर मूळ चित्रपटातच मिळेल ना? दिगू टिपणीस बघून ती कशी मिळणार? म्हणजे माझं कारण खरं होतं आणि त्यावरचा उपाय चुकला.

तेव्हा पुढची बैठक एकाच चित्रपटाची, ‘एक गाव बारा भानगडी’. रिमोट कपाटात. आत्या आता नाही, नाहीतर तिलाच पहिल्या रांगेत बसवलं असतं. लेखातलं ते चुकीचं वाक्य आज दुरुस्त केलं आहे.