‘एनपीएसचे पैसे बुडणार, आत्ताच काढा’ : हा मेसेज नेमका कोणाच्या फायद्याचा?

‘५ ऑगस्ट २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांनो, जागे व्हा!’ अशी सुरुवात, मध्ये लाल दिव्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग, आणि शेवटी ‘जास्तीत जास्त शिक्षक बंधू-भगिनींपर्यंत पोचवा’. गोव्यातल्या सरकारी नोकरांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतो आहे. त्या तारखेनंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना आहे : पगारातून वर्गणी कापली जाते, सरकार आपला हिस्सा भरते, आणि साठेल त्यावर निवृत्तीनंतरचे भागवायचे. मी अकाउंट्समध्ये काम करतो, त्यामुळे मला तो चार बाजूंनी येत होता आणि मी तो न वाचताच पुसत होतो. मग सत्तरी तालुक्यात प्राथमिक शाळेवर असलेल्या माझ्या वहिनीचा फोन आला. ‘भावजी, ते पंचवीस टक्के काढायचा फॉर्म तुमच्याकडे मिळेल का? आणि कारण घरदुरुस्तीचं लिहिलं तर कोण बघायला येतं का?’ तेव्हा मात्र मेसेज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

त्यात सहा मुद्दे आहेत. एनपीएसचा सगळा पैसा शेअर बाजारात जातो आणि एका दिवसात शून्य होऊ शकतो. निवृत्तीला सरकार त्यातले चाळीस टक्के ठेवून घेते. कर्मचारी मेला तर घरच्यांना काही मिळत नाही. जीपीएफवाल्यांना (म्हणजे भविष्य निर्वाह निधी असलेल्या, जुन्या पेन्शनच्या कर्मचाऱ्यांना) बारा टक्के व्याज मिळते आणि त्याच पैशांतून त्यांना पेन्शन येते. केंद्राच्या नव्या यूपीएसमध्ये (एकीकृत पेन्शन योजनेत) निम्मा पगारही मिळतो आणि साठलेली रक्कमही परत मिळते. आणि सहावा : म्हणून कोणतेही कारण दाखवून पंचवीस टक्के आत्ताच काढा, कमी पडले तर पगारावर कर्ज घ्या, आणि दरमहा दोन टक्के देणाऱ्या ‘खात्रीच्या’ ठिकाणी गुंतवा. खाली मोबाइल नंबर.

मी सहाव्यापासून सुरुवात करतो, कारण पहिले पाच त्या सहाव्यासाठीच लिहिले आहेत.

आधी पंचवीस टक्के कशाचे, ते बघू. मेसेजात ‘खात्यातल्या रकमेचे’ असे आहे. ते साफ चूक. नियमाप्रमाणे मधल्या काळात काढता येतात ते तुमच्या स्वतःच्या वर्गणीचे पंचवीस टक्के. सरकारने भरलेला हिस्सा त्यात धरत नाहीत, वर्गणीवर झालेली वाढही धरत नाहीत. खात्यात बावीस लाख दिसत असतील आणि त्यात तुमच्या पगारातून कापलेले आठ लाख असतील, तर मिळणार जास्तीत जास्त दोन लाख. तेही ठरलेल्या कारणांसाठी : मुलांचे उच्च शिक्षण, लग्न, घर, गंभीर आजार वगैरे. सरकारी नोकराचा अर्ज त्याच्या कार्यालयामार्फतच पुढे जातो. म्हणजे ‘कोणतेही कारण दाखवा’ याचा अर्थ, आपल्याच खात्याला सहीनिशी खोटे लिहून द्या. हे सुचवणाऱ्याचे काय जाते? नोकरी तुमची, सर्व्हिस बुक तुमचे.

आता ते दोन टक्के. दरमहा दोन म्हणजे वर्षाला चोवीस. चांगले तारण ठेवणाऱ्या धंदेवाल्याला बँक याच्या निम्म्याच्या आसपास व्याजाने पैसे देते. मग हा माणूस बँक सोडून सत्तरीतल्या शिक्षिकेकडे दुप्पट व्याज देऊन दोन लाख मागायला का येतो? एकच कारण असू शकते : बँक त्याला दारात उभा करत नाही. आणि दोन लाखांवर महिन्याला चार हजार मिळाले तरी स्वतःचे मुद्दलच हातात यायला पन्नास महिने लागतात. चार वर्षांहून जास्त. तोपर्यंत तुम्हाला येणारे चार हजार हे बहुतेक वेळा मागून आलेल्या दुसऱ्या शिक्षिकेचे असतात. पहिले सहा-आठ हप्ते वेळेवर येतात, कारण ते यावेच लागतात. त्याशिवाय स्टाफरूममध्ये तुम्ही त्याची जाहिरात कशी करणार?

वर पगारावर कर्ज. कर्जाचा हप्ता पगारातून आधी कापला जातो, दोन टक्के येवोत न येवोत. गुंतवणूक बुडाली तर ती एकदाच बुडते, हप्ता मात्र पुढची पाच-सात वर्षे दर महिन्याला पे-स्लिपवर आठवण करून देतो. चवथीच्या आधी हातात किती पगार पडला हे बघून ज्यांनी वर्षानुवर्षे संसार केला, त्यांना हे मी सांगायची गरज नसावी. तरी सांगतो आहे.

अशा ठेवी गोळा करण्यावर २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आहे. परवानगीशिवाय जनतेकडून ठेवी घेणे हा त्यात गुन्हा आहे, आणि त्यांची जाहिरात करणे हासुद्धा. म्हणजे मेसेज पुढे ढकलणाऱ्या बंधू-भगिनींनीही जरा थांबावे. आणि ‘बँकेतही पैसे बुडतातच की’ असे उत्तर येईल म्हणून : हो, गोव्याला ते कोणी शिकवायला नको. म्हापसा अर्बनचा परवाना एप्रिल २०२० मध्ये गेला, मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये. पण तिथे पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा होता. मोबाइल नंबरवाल्याकडे कसला विमा आहे?

आता बाकीचे.

‘सगळा पैसा शेअर बाजारात.’ नाही. ज्यांनी स्वतः काही निवडलेले नाही (म्हणजे आपल्याकडचे जवळजवळ सगळे), त्यांचा पैसा ठरलेल्या सरकारी योजनेत जातो. त्यात एसबीआय, यूटीआय आणि एलआयसी यांच्या पेन्शन कंपन्या तो सांभाळतात. त्याचा मोठा भाग सरकारी रोख्यांत आणि कंपन्यांच्या कर्जरोख्यांत असतो. शेअर्सची मर्यादा कित्येक वर्षे १५ टक्के होती. त्या हिशेबाने बाजार एका रात्रीत निम्म्यावर आला, तरी वीस लाखांचे साडेअठरा होतील. दीड लाख गेले तर वाईट वाटेलच. पण शून्य? शून्य व्हायला भारत सरकारने स्वतःच्या रोख्यांचे पैसे नाकारावे लागतील, आणि त्या दिवशी तुमचा पगारही होणार नाही.

‘चाळीस टक्के सरकार ठेवून घेते.’ सरकार ठेवून घेत नाही. साठाव्या वर्षी सरकारी नोकराला साठ टक्के रक्कम एकरकमी, करमुक्त मिळते. उरलेल्या किमान चाळीस टक्क्यांची विमा कंपनीकडून अॅन्युइटी घ्यावी लागते, म्हणजे तिथून दरमहा पेन्शन. आपल्यानंतर जोडीदाराला पेन्शन आणि दोघांच्या पश्चात मूळ रक्कम वारसाला, असाही पर्याय त्यात असतो. तो घेतला तर महिन्याची रक्कम थोडी कमी येते, एवढेच.

पण इथे मला नाइलाजाने मान्य करावे लागते की मेसेजवाल्याच्या हाताला खरे दुखणे लागले होते आणि त्याने ते सोडून दिले. हिशेब करून बघा. निवृत्तीला पन्नास लाख साठले, असे धरू. तीस हातात, वीसची अॅन्युइटी. मूळ रक्कम परत मिळणारी अॅन्युइटी सहा टक्क्यांनी धरली तर महिन्याला दहा हजार. हातातले तीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले (मर्यादा तीस लाखांचीच आहे, आणि एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के चालला आहे), तर तिमाहीला साडेएकसष्ट हजार, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. एकूण साडेतीस. शेजारच्या टेबलावरचा, २००५ च्या आधी लागलेला, शेवटचा मूळ पगार सत्तर हजार असलेला सहकारी निवृत्त झाला, तर त्याला पस्तीस हजार आणि त्यावर महागाई भत्ता. आज फरक फार मोठा वाटणार नाही. पण त्याचा भत्ता दर सहा महिन्यांनी वाढत जाईल आणि तुमचे साडेतीस, नारळ-मासळी कितीही महागली तरी, वाढणार नाहीत. उलट बचत योजनेचा दर पाच वर्षांनी उतरलेला असू शकतो. पंधरा वर्षांनी दोघांच्या पासबुकांत काय दिसेल, ते सांगायला नको.

हे मी माझ्या मनचे सांगत नाही. एनपीएस ज्या कायद्यावर उभी आहे, त्या २०१३ च्या पीएफआरडीए (पेन्शन नियामक प्राधिकरण) कायद्याच्या कलम २० मध्येच लिहिले आहे की, वर्गणीदाराने बाजारातून विकत घेतलेली हमी सोडली तर लाभांची कोणतीही उघड किंवा छुपी हमी असणार नाही. हमी नाही, हे गुपित नाही. ते कायद्यातच आहे. जुन्या पेन्शनसाठी संघटना भांडतात त्या या कारणासाठी, आणि ते भांडण खरे आहे. मी स्वतः एनपीएसमध्येच आहे, माझाही जीव त्यात अडकलेला आहे. पण ‘हमी नाही’ आणि ‘बुडणार’ यांत खूप अंतर आहे, आणि त्या अंतरात हा मोबाइल नंबरवाला दुकान टाकून बसला आहे. हमी नाही म्हणून घाबरलेल्या माणसाला तो जे विकतो, त्याला ना हमी, ना कायदा, ना विमा.

‘मेल्यावर घरच्यांना शून्य.’ वहिनीला सगळ्यात जास्त भीती याचीच बसली होती, म्हणून राग येतो. नोकरीत असताना मृत्यू आला, तर केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याला आधीच पर्याय देऊन ठेवता येतो : कुटुंबाला जुन्या पद्धतीचे कुटुंब निवृत्तिवेतन हवे, की एनपीएसमधले लाभ. निवृत्तिवेतन निवडले तर सरकारचा हिस्सा वाढीसकट सरकारकडे परत जातो आणि कर्मचाऱ्याचा हिस्सा नॉमिनीला मिळतो. दुसरा पर्याय घेतला तर खात्यातली रक्कम कुटुंबाची, काही रोख आणि बाकीची पेन्शन म्हणून. शून्य यात कुठेच बसत नाही. बाकी, नोकरी लागली तेव्हा लिहिलेला नॉमिनी लग्नानंतर बदलायचा राहून गेला तर घरच्यांना खरोखरच फेऱ्या माराव्या लागतात. पण त्याबद्दल मेसेजात अक्षर नाही.

जीपीएफचे बारा टक्के. खरे होते, १९८६ ते २००० या काळात. ज्याने हे लिहिले त्याने बहुधा वडिलांची जुनी पावती बघितली असावी. एप्रिल २०२० पासून जीपीएफचा दर ७.१ टक्के आहे, पीपीएफचाही तेवढाच. आणि जीपीएफमधून पेन्शन येते हे तर कोणी शोधून काढले कोण जाणे. जीपीएफ ही कर्मचाऱ्याची स्वतःची बचत. निवृत्तीला ती हातात मिळते आणि विषय संपतो. पेन्शन येते सरकारी तिजोरीतून, त्यासाठी जुन्या कर्मचाऱ्याच्या पगारातून एक पैसाही कापला जात नव्हता. हाच तर दोन पद्धतींतला सगळा फरक, आणि तोच यांना माहीत नाही. पणजीत फाझेंदमध्ये (लेखा संचालनालयात) पेन्शनच्या खिडकीवर कोणालाही विचारले असते तरी कळले असते.

यूपीएस. ही १ एप्रिल २०२५ पासून केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आली. आपल्याकडे पोस्टात, कस्टम्समध्ये आहेत त्यांच्यासाठी. पंचवीस वर्षे नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मे, त्यावर महागाई सवलत, आणि किमान दहा वर्षे झालेल्याला निदान दहा हजार. चांगली आहे. पण ‘साठलेली रक्कमही परत’ हे खोटे. ती रक्कम सरकारच्या साठ्यात वळती होते, त्या बदल्यातच तर हमी मिळते. त्यातून काही भाग काढता येतो, पण काढला की दरमहाची रक्कम त्या प्रमाणात उतरते. निवृत्तीला वेगळी एकरकमी मिळते ती सेवेच्या दर पूर्ण सहा महिन्यांमागे मासिक वेतनाचा दहावा हिस्सा, खात्यातला जमा पैसा नव्हे.

वहिनीला मी फॉर्म दिला नाही. त्याऐवजी तिच्या फोनवर प्रान, म्हणजे एनपीएस खात्याचा नंबर टाकून खाते उघडायला लावले. पासवर्ड अर्थातच विसरलेला होता, त्यात अर्धा तास गेला. नॉमिनी म्हणून अजून तिच्या वडिलांचे नाव होते. वर्गणीच्या यादीत एका महिन्याची नोंदच दिसली नाही, पे-स्लिपवर मात्र कपात आहे. खरी गळती कुठे असते ती ही, आणि ती बाजारात नसते. कपात झाली पण प्रानवर चढली नाही, तर तितके दिवस त्या पैशावर वाढ होत नाही. तुमच्याकडेही असा महिना निघाला तर त्या महिन्याची पे-स्लिप आणि खात्याचे स्टेटमेंट जोडून डीडीओकडे (पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे) लेखी द्या, आणि पोच घ्या. तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेले आमच्या टेबलापर्यंत पोचत नाही.