मुलगा नसेल तर मोक्ष नाही? मग गरुडपुराण शेवटपर्यंत वाचा

मंगळवारी रात्री साडेअकराला मावशीचा फोन आला. एरवी ती दहाला झोपते. "अगं, आपल्याकडून काही चुकलं का गं?" एवढंच विचारून ती गप्प झाली. काकांना जाऊन दोन महिने झालेत. मला वाटलं, बँकेच्या कागदांचं काही असेल. मग तिने तो मेसेज पाठवला.

तुमच्याही ग्रुपवर तो येऊन गेला असेल. 'मोक्षाची सहा सत्ये' असं शीर्षक, वर ओमचं चित्र, खाली 'गरुडपुराणात स्पष्ट लिहिले आहे'. दावे असे: मुलगा नसलेल्याला मोक्ष नाही, मुलीने अग्नी दिला तर आत्मा भटकत राहतो. बाईला बाईच्या जन्मात मोक्ष नाही. काशीत मरण आलं तरच सुटका. 84 लाख योनी शास्त्रज्ञांनी मान्य केल्या आहेत. आत्म्याचं वजन 21 ग्रॅम भरलं आहे. आणि सहावं सत्य म्हणजे एक मोबाइल नंबर. तिथे 31,000 रुपये भरले की 'अपुत्र आत्म्याची' मुक्ती करून देणार.

मावशीला दोन मुलीच. शिवाजी पार्कच्या स्मशानात थोरलीने खांद्यावर मडकं घेतलं, फेऱ्या मारल्या, अग्नी दिला. गुरुजींनी सगळं तिच्याच हातून करवून घेतलं, कुठे अडलं नाही. दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला, तेव्हा कुठे मावशी पहिल्यांदा मोकळेपणी रडली. त्या रडण्यानंतर ती जेवायला लागली होती. आता धाकटी सांगते, आई रात्री उठून बाबांच्या फोटोसमोर बसून राहते. म्हणून हे लिहिते आहे, आणि चिडून लिहिते आहे.

गरुडपुराणाचं नाव घेतलंय ना, मग तेच उघडू. माणूस गेल्यावर घरोघरी वाचतात ती सोळा अध्यायांची प्रत, सारोद्धार. मावशीकडेही तीच आहे, लाल फडक्यात बांधलेली. तिचा सातवा अध्याय काढा. सुरुवातीला पुत्राची थोरवी आहे, ते मी नाकारत नाही. पण लगेच पुढे बभ्रुवाहन राजाची गोष्ट येते. शिकारीच्या मागे रानात लांब गेलेल्या या राजाला प्रेतयोनीत अडकलेला एक जीव भेटतो. तो सांगतो, मी सुदेव नावाचा वैश्य. जन्मभर दानधर्म केला, पण मला मूल नाही, नातलग नाही, मित्र नाही, माझी उत्तरक्रिया कुणी केलीच नाही. राजा नगरात परततो, त्याच्या नावाने सगळं यथासांग करतो आणि सुदेव सुटतो. राजा त्याचा मुलगा नव्हता, भाऊबंद नव्हता, ओळखीचाही नव्हता. ज्या ग्रंथात रानात भेटलेल्या परक्याने केलेली क्रिया पोचते, त्याच ग्रंथाच्या नावावर पोटच्या पोरीने केलेली पोचत नाही असं सांगता? आणि कुणाला, तर दोन महिन्यांपूर्वी नवरा गेलेल्या बाईला?

बरं, सुदेवाला मिळतो तो स्वर्ग. मोक्ष नव्हे. मेसेज लिहिणाऱ्याने सगळा घोळ घातला आहे तो इथे. पिंड, श्राद्ध, उत्तरक्रिया हे गेलेल्या जिवाच्या पुढच्या वाटेसाठी असतं. स्वर्ग हा त्या वाटेवरचा मुक्काम. पुण्य संपलं की तिथून परत यावं लागतं, हे गीतेच्या नवव्या अध्यायात सरळ सांगितलं आहे. मोक्ष म्हणजे ही ये-जाच थांबणं. ती कशाने थांबते यावर आपल्या दर्शनांचा, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरांचा, वाद शेकडो वर्षं चालला. सांख्य म्हणतात, पुरुष (आत्मा) आणि प्रकृती (जड सृष्टी) वेगळे आहेत हे कळल्याने. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणतात, मिथ्याज्ञान गेलं की दुःख कायमचं संपतं. शंकराचार्यांचं उत्तर ब्रह्मज्ञान, रामानुजांचं भक्ती आणि शरणागती, मध्वांच्या मते भक्ती आणि हरिकृपा. इतकी मतं, पण मोक्षाचं साधन म्हणून मुलगा यांच्यापैकी एकानेही सांगितलेला नाही. कैवल्योपनिषद तर नाव घेऊन नाकारतं: 'न कर्मणा न प्रजया धनेन त्यागेनैके अमृतत्वमानशुः'. प्रजया म्हणजे संततीने. धनेन म्हणजे पैशाने. अमृतत्व यांच्यापैकी कशानेच मिळत नाही, त्यागाने मिळतं. बृहदारण्यक उपनिषदात पुत्राचं काम किती, तेही मोजून दिलं आहे: पुत्राने जिंकायचा तो हा मनुष्यलोक. वंश पुढे चालतो, बस्स.

सारोद्धाराचा सोळावा, शेवटचा अध्याय खास मोक्षावर आहे. गंगेत जन्मभर राहणारे बेडूक आणि मासे योगी होतात का, असा सवाल त्यात आहे. बंध आणि मोक्ष दोन शब्दांत सांगितले आहेत: 'मम' (माझं) म्हणणारा बांधला जातो, 'न मम' (माझं नाही) म्हणणारा सुटतो. मुक्ती देणारं म्हणून पुन्हा पुन्हा नाव येतं ते ज्ञानाचं. पण आपल्या घरांत नरकांचे अध्याय कान देऊन ऐकले जातात, आणि या शेवटच्या अध्यायापर्यंत निम्मी माणसं तेराव्याच्या तयारीला लागलेली असतात. मावशीच्या घरीही तेच झालं, मीच स्वयंपाकघरात होते.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात आहे की तीन ऋणं (देव, ऋषी आणि पितरांची) फेडल्याशिवाय, पुत्र जन्माला घातल्याशिवाय मोक्षाच्या मागे लागणारा खाली जातो. कुणीतरी हे काढून दाखवणारच, म्हणून मीच काढते. पण ते सांगणं संन्यास घ्यायला निघालेल्या जिवंत गृहस्थाला आहे, संसार टाकून पळू नकोस म्हणून. चितेला अग्नी कुणी द्यावा याचा तिथे संबंध नाही. शिवाय मनूच पाचव्या अध्यायात म्हणतो की संतती नसलेले हजारो ब्रह्मचारी स्वर्गाला गेले, आणि मुलगा नसलेली साध्वी विधवाही तशीच जाते. नवव्या अध्यायात तर मुलगी मुलाच्या बरोबरीची म्हटली आहे. जाबालोपनिषद ऋणांसाठीही थांबत नाही: ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी घर सोडावं, ब्रह्मचर्यातूनही. नाहीतर शंकराचार्यांचं काय म्हणायचं? आळंदीला 1296 साली समाधी घेतलेल्या ज्ञानोबांचं काय? त्यांना कुठे मुलगा होता? वारीत लाखो लोक 'माउली' म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्यांचा आत्मा भटकतोय, असं हा मेसेज म्हणतो. पाठवणाऱ्यांनी हा विचार केला होता का?

बायकांना मोक्ष नाही, या दाव्याला फार जागा देत नाही. गीता 9.32 मध्ये स्त्रियांना 'परां गतिम्', म्हणजे सर्वोच्च गती मिळते असं स्पष्ट आहे. 'ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन काय करू' असं याज्ञवल्क्यांना विचारणारी मैत्रेयी बाईच होती, आणि त्यांनी तिला पुढच्या जन्मी ये म्हणून सांगितलं नाही, समोर बसवून आत्मज्ञान सांगितलं. चांगदेवांची गुरू मुक्ताबाई. नावातच मुक्ता.

काशीचं अर्धं खरं आहे. काशीत मरणाऱ्याला मुक्ती, ही श्रद्धा जुनी आहे, आणि सारोद्धाराच्या सोळाव्या अध्यायातही शेवटाकडे अयोध्या, मथुरा, माया (हरिद्वार), काशी, कांची, अवंतिका, द्वारका अशा सात मोक्षपुऱ्या येतात. पण सात म्हणजे 'फक्त काशी' नव्हे. शिवाय काशीतही मरणाऱ्याच्या कानात शंकर तारकमंत्र सांगतो अशी समजूत आहे, म्हणजे तिथेही काम उपदेशच करतो. आणि उपनिषदं मोक्षाला मरणापर्यंतही थांबवत नाहीत. मनातल्या सगळ्या कामना सुटल्या की माणूस 'अत्र', इथेच ब्रह्म पावतो, असं कठ आणि बृहदारण्यक दोन्ही सांगतात.

84 लाखांचं म्हणाल, तर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सजीवांच्या जाती सुमारे 87 लाख असाव्यात असा अंदाज दिला, तोही जिवाणू वगळून. पुराणातल्या गणतीत नुसत्या मनुष्ययोनी चार लाख धरल्या आहेत. जीवशास्त्रात आज माणसाची जात एकच. दोन्ही मोजमापंच वेगळी आहेत. आणि 21 ग्रॅम? अमेरिकेतल्या डंकन मॅकडुगल या डॉक्टरने 1907 मध्ये छापलेला प्रयोग तो. मरणासन्न सहा रुग्ण तराजूवर, त्यातल्या एकाचं वजन तेवढं घटलं, बाकीचे आकडे जुळले नाहीत. ज्या आत्म्याला गीता अव्यक्त, अचिंत्य म्हणते, त्याला वजन चिकटवणं हे गीतेलाच खोटं पाडणं आहे.

राहिला तो नंबर. मावशीने तो दुधाच्या हिशेबाच्या वहीत उतरवून ठेवला होता, समोर 31,000 लिहून, खाली एफडी मोडली तर किती मिळतील याची बेरीज. ते पान मी पाहिलं. तुमच्या घरातल्या एकट्या माणसाला हा मेसेज आला असेल तर वहीतही बघा.

काल संध्याकाळी दादरला जाऊन मी लाल फडकं सोडलं आणि सातवा अध्याय तिला मोठ्याने वाचून दाखवला. बभ्रुवाहन नगरात परतला, तिथे तिने मला थांबवलं. "तो राजा त्याचा कुणीच नव्हता, नाही का गं?" नव्हता, म्हटलं. तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली, पुढे वाच. रविवारी काकांचं मासिक श्राद्ध आहे. थोरलीच करणार आहे.