लसीचं कार्ड विचारलं म्हणजे प्रवेश नाकारला, असं नव्हे

प्रवेशाचे दिवस आले की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शाळेने किंवा अंगणवाडीने लसीकरणाचं कार्ड मागणं बेकायदेशीर आहे. सुप्रीम कोर्टानेच लस ऐच्छिक ठरवली आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या लसी संपलेल्या असतात, मग कार्ड कशाला? ज्यांनी लस घेतली त्यांना न घेतलेल्याची भीती कसली? म्हणून कार्ड दाखवू नका, आणि हरवलं असेल तर गप्प बसा, नाहीतर प्रवेश जाईल.

वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिलीचा वर्ग घेते. हा मजकूर वाचून काही आया खरोखरच कार्ड घरी ठेवून येतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

यातली एक गोष्ट खरी आहे. कार्ड नाही म्हणून पहिलीचा प्रवेश नाकारता येत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतो आणि वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश अडवू नये, असं त्याचं चौदावं कलम सांगतं. जन्मदाखल्यावाचून मूल वर्गात बसू शकतं, तर लसीच्या कार्डावरून त्याला परत कसं पाठवणार? एखाद्या शाळेने पाठवलंच, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. पण नाकारणं वेगळं आणि विचारणं वेगळं. इटलीत २०१७ च्या कायद्यानंतर ठरावीक लसी नसलेल्या सहा वर्षांखालच्या मुलाला बालवाडीत घेत नाहीत. जर्मनीनेही मार्च २०२० पासून गोवराच्या लसीबाबत असाच नियम केला. आपण ती वाट धरू नये असं मला मनापासून वाटतं. ज्या मुलाच्या लसी राहिल्यात तेच दारातून परत गेलं, तर त्याला पुन्हा गाठायचं कुठे? कार्ड बघायचं ते राहिलेला डोस शोधण्यासाठी.

आता सगळ्यात घातक वाक्य: पाच वर्षांत लसी संपतात. नाही संपत. डीपीटी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची लस. तिचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान असतो, म्हणजे बरोबर पहिलीच्या तोंडावर. आणि नेमका हाच डोस राहतो. दीड-दोन वर्षांचे डोस झाले की घरच्यांना वाटतं सुटलो. आई कामाला लागते आणि कार्ड ट्रंकेच्या तळाशी जातं. घटसर्प आणि डांग्या खोकला यांच्यापासून तान्हेपणी मिळालेलं संरक्षण मात्र हळूहळू ओसरत असतं, म्हणून तर बूस्टर ठेवलेत. धनुर्वाताची गोष्ट आणखी वेगळी. तो माणसाकडून माणसाला होत नाही, मातीतून येतो. आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली तरी त्याने तुमचं मूल वाचत नाही. आमच्या भागातली पोरं उसाच्या पाचटात आणि शेणखतात अनवाणी हिंडतात, रोज काहीतरी टोचून येतात. डीपीटी सात वर्षांपर्यंतच देतात, पुढे टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस, द्यावी लागते. पहिलीत कार्ड बघितलं तर वेळ हातात असते.

तसाच गोवर-रुबेलाचा दुसरा डोस. पहिला नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. दुसऱ्याच्या वेळी कुटुंब कुठे होतं, यावर आमच्याकडे बरंच काही ठरतं. गळीत हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात, लहान पोरं आईबापांबरोबर फडात असतात. डोसाची तारीख येते तेव्हा गावचं उपकेंद्र शेकडो किलोमीटर मागे राहिलेलं असतं, आणि इथल्या सिस्टरच्या यादीत त्या बाळाचं नाव नसतं. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, कुटुंबं तर पार तमिळनाडू, बंगालपर्यंत पांगलेली. ती परततात तेव्हा मुलाच्या कार्डावरची अक्षरं वाचता येत नाहीत, पण तारखा वाचता येतात आणि तेवढं पुरतं. हे सगळं कळतं ते शाळेत कुणीतरी विचारतं म्हणून.

‘कार्ड हरवलंय तर गप्प बसा’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त टोचतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कितीतरी घरांतले कागद वाहून गेले. ‘बाई, कार्ड पुरात गेलं, आता नाव घेणार का नाही?’ असं विचारणाऱ्या आईला आधीच अपराधी वाटत असतं, त्यात हा मजकूर तिला घाबरवतो. खरं तर कार्ड गेलं म्हणजे नोंद गेली असं नाही. माता-बाल कार्डाचा एक भाग सिस्टरकडे राहतो, उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये तारखा असतात. खासगी दवाखान्यात लस दिली असेल तर डॉक्टरांकडे विचारावं. अलीकडच्या बाळांची नोंद यू-विन या सरकारी पोर्टलवर होते आणि नोंदवलेल्या मोबाईल नंबरवरून प्रमाणपत्र काढता येतं.

कुठेच काही सापडलं नाही तर? वयाला योग्य त्या लसी सिस्टर देतात. मधेच खंड पडला असेल आणि आधीचे डोस नोंदलेले असतील, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिले तिथून पुढे. आणि गोवर-रुबेलाची लस चुकून पुन्हा दिली गेली तरी अपाय नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना ही लस दिली, आधी घेतलेली असो वा नसो. डीपीटीचे डोस मात्र गरजेपेक्षा जास्त झाले तर टोचलेली जागा चांगलीच सुजते. म्हणजे कार्ड दाखवल्याने पोराची जास्तीची सुई वाचू शकते. दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगावरच्या लसीचा, व्रण दिसत नाही म्हणून घाबरणारेही भेटतात. काही मुलांना व्रण उमटतच नाही, आणि तेवढ्यासाठी बीसीजी पुन्हा देत नाहीत.

‘आमच्या मुलाचा धोका आमचा’ हे म्हणणं घरापुरतं चालेल, अंगणवाडीत आणि पाळणाघरात नाही. नऊ महिन्यांखालच्या बाळाला गोवराची लस मिळालेलीच नसते, आणि मोठ्या भावंडाला सोडायला आलेल्या आईच्या कडेवर तेच बाळ असतं. नऊ महिन्यांच्या एका डोसाने शंभरातली साधारण पंच्याऐंशी मुलं सुरक्षित होतात, उरलेल्यांसाठी दुसरा डोस. कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या मुलाला ही लस देताच येत नाही. गोवर अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पसरतो, रोगी निघून गेल्यावरही विषाणू खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. त्यामुळे ‘आजारी पडलं की घरी ठेवू’ हा उपाय उशिराचा ठरतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. गोवर सगळ्यांना येऊन जातो, असं म्हणणाऱ्यांनी न्यूमोनिया झालेलं, डोळे गमावलेलं मूल पाहिलेलं नसतं.

कोर्टाचं म्हणाल तर २ मे २०२२ चा तो निकाल कोविडच्या लसीबद्दल होता. कुणाला बळजबरीने लस टोचता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं, असंही म्हटलं आहे. शाळेने मुलाची नोंद विचारू नये असं त्यात नाही.

माहिती फुटण्याची भीती मात्र रास्त आहे. कार्डाचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर मागवणं चूक आहे, आणि कुणाच्या लसी राहिल्या त्याची यादी फलकावर लावणं त्याहून चूक. पालकांनी यावर आक्षेप घ्यावाच. कार्ड बघून राहिलेल्या डोसाची नोंद करावी, ती सिस्टरला किंवा तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांच्या पथकाला द्यावी आणि कार्ड आईच्या हाती परत द्यावं. पहिलीत एकदा दाखवून ते फेकू मात्र नका. दहाव्या वर्षी टीडीचा एक डोस आहे, सोळाव्या वर्षी आणखी एक, आणि तेव्हाही हेच कार्ड लागणार आहे.