साडेचारचे चार

पतपेढीतला जुना कॉम्प्युटर परवा एकदाचा गचकला. नव्यात पायथन ३, माझा व्याजाचा प्रोग्राम त्याच प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीतला, पायथन २चा. पहिल्याच प्रिंटला, म्हणजे छापायच्या हुकुमाला, अडला. म्हणे, कंस राहिलेत, असं म्हणायचं होतं का? अरे, मला काय म्हणायचंय ते कळलंय ना तुला? मग छाप की!

घातले कंस. पूर्वी पाच भागिले दोन केले की दोन यायचे, आता अडीच येतात, तेही निस्तरलं. तेवढ्यात अकाउंटंट काकांची हाक.

“या बाईंचं व्याज ११२ रुपये ५० पैसे. तुमचं मशीन ११२ म्हणतंय. जुनं ११३ द्यायचं.”

“राउंड केलंय, काका.”

“साडेचारचे किती होतात?”

“चार.”

“आणि साडेतीनचे?”

“...चार.”

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे साडेतीनवाल्याला आठ आणे द्यायचे आणि साडेचारवाल्याचे कापायचे? त्यानं काय घोडं मारलंय?”

“बरोबर अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे जायचं. म्हणजे बेरजेत फरक साचत नाही. बँकर्स राउंडिंग म्हणतात.”

“कुठल्या बँकेत?”

मला एकही बँक आठवेना. बाकावरच्या बाई मात्र लक्ष देऊन ऐकत होत्या. “मग माझे ११३ रुपये ५० पैसे करा की. ११४ मिळतील.”

“तुम्ही थांबा हो,” काका म्हणाले आणि पतपेढीचं लेटरहेड माझ्यापुढे सरकवलं. “लिहा. ‘आमच्या मशीनमध्ये साडेचारचे चार होतात.’ खाली सही. ऑडिटरला तुम्हीच तोंड द्या.”

पायथन ३ आलं डिसेंबर २००८मध्ये. लोक हलेनात, म्हणून २च्या निरोपाची तारीख २०१५वरून २०२०वर ढकलली. जुना कोड चालावा म्हणून मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी लागायचा तो काढून टाकलेला ‘यू’ २०१२मध्ये ३.३ आवृत्तीत परत आणला. दोन्हीकडे चालेल असं लिहायला ‘सिक्स’ नावाची तयार कोडची लायब्ररी निघाली, का तर दोन त्रिक सहा! २०२०नंतरही मी जुनंच का चालवलं म्हणाल, तर चालत होतं म्हणून. न्यायाचं बोलायचं तर एक सुख झालं: ‘रमेश’ची लांबी पूर्वी बाइट मोजून १२ भरायची, आता र, म, मात्रा, श अशी ४ भरते. पण राग कंसांचा नाहीच. कंस नसले तर प्रोग्राम निदान बोंबलतो तरी. ही राउंडची भानगड चकार शब्द न काढता बदलली. भाषा स्वच्छ करणाऱ्यांना काय, त्यांच्यासमोर बाकावर ठेवीदार बसलेला नसतो.

शेवटी पायथनमधलंच दशांश हिशेबाचं तयार डेसिमल मॉड्यूल घेतलं, अर्धा आला की वरच जायचं असं त्याला बजावलं. बाईंना ११३ मिळाले. मी बिल लावलं. ते कमिटीतून परत आलं, वर काकांच्याच अक्षरात शेरा: “नवीन काय केलं? पूर्वीसारखंच चालते आहे.”