अडतंय ते 90 दिवसांच्या दाखल्यापाशी

बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकामांवर जो उपकर घेतला जातो, तो वाढवून घ्यायला कामगार संघटनांनी आमदारांना भेटावं, असं एका लेखात म्हटलंय. उपकर बांधकाम खर्चाच्या 1 टक्का आहे, कायद्यात 2 टक्क्यांपर्यंत वाव आहे. पण पैसा कामगारापर्यंत पोचत नाही तो राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे करायच्या नोंदणीमुळे. वय 18 ते 60 आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम, ही नोंदणीची अट बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात होती, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. नाक्यावरच्या बिगाऱ्याचा ठेकेदार दर दोन-चार दिवसांनी बदलतो, मग 90 दिवसांचा दाखला देणार कोण? शिवाय नूतनीकरण चुकलं की लाभ थांबतात. म्हणून आमदारांकडे मागायचंच तर हे मागा: तुटक दिवसांची बेरीज धरा, ठेकेदारांच्या सह्यांची हजेरीवही पुरावा माना. नोंदणी राज्याचं मंडळच करतं!