फाटकाजवळचा खांब

मडगावात ज्याची नोकरी रेल्वे फाटकापलीकडे आहे, त्याला चिंतनासाठी हिमालयात जावे लागत नाही. मुरगाव बंदरात कोळसा भरून निघालेली मालगाडी जाईपर्यंत फाटक बंद राहते, आणि ती एकदाची गेली की समोरून येणारी रिकामी मालगाडीही आताच उरकून घ्यावी असे कोणीतरी ठरवते. तोवर स्कूटरवर बसलेल्या माणसाने कशाकडे तरी पाहणे भाग असते. मी खांबाकडे पाहतो.

कमरेएवढा उंच, गंजून जांभळट झालेला हा खांब कशाचाही नाही. त्यावर दिवा नाही, पाटी नाही, तार नाही. वरच्या टोकाजवळ एकाखाली एक अशी दोन आरपार भोके मात्र आहेत. रुळांच्या कडेला खुंट्यांवर बसवलेल्या छोट्या चाकांचे कोडे लवकर सुटले होते. केबिनमधला माणूस तरफ ओढी, तार त्या चाकांवरून सरकत जाई आणि दूरवर सिग्नलचा हात पडे. स्टेशनातल्या सोंडेसारख्या नळाने वाफेच्या इंजिनाला पाणी पाजले जाई, हेही सगळ्यांना ठाऊक असते. दूधसागरच्या घाटात मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारा आणि तिथेच संपणारा फाटासुद्धा समजून घेता येतो, कारण सदतिसास एक अशा उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी दुसरीकडे थांबवणार कुठे? पण हा खांब?

फाटकावर ताटकळणाऱ्या मंडळींनी मला कधीच निराश केले नाही. ‘‘पात्रांव, भाटकारांचे घोडे बांधायचे त्याला,’’ असे एका टॅक्सीवाल्याने सांगितले; भाटकार म्हणजे गोव्यातले जमीनदार. शेजारच्या मास्तरांनी जकातीचा दोर या भोकांतून ओवत असत असे ठणकावले. गोवा मुक्तीपूर्वी जकातीची तपासणी इथे नव्हे, सरहद्दीजवळ कुळ्याला होत असे, ही अडचण त्यांना किरकोळ वाटली. कोणी काहीही सांगो, शेवटचे वाक्य ठरलेले असे: ‘‘पोर्तुगीजांनी उगाच काही उभारले नाही हो!’’

शेवटी एका लांबलचक मालगाडीच्या कृपेने मी स्कूटर स्टँडवर लावली आणि खांब वरून पाहिला. रुंद तळ, मध्ये बारीक कंबर आणि वर जाडसर माथा असा त्याचा छेद होता. समोरच्या रुळांचा छेदही अगदी तसाच, फक्त अंगाने भरलेला. ती दोन भोके दुसऱ्या रुळाशी पट्टीने जोडण्याच्या बोल्टांची होती. ज्याच्या उभे राहण्याचा हेतू आम्ही इतके दिवस शोधत होतो, त्याचे मूळ काम आडवे पडून राहण्याचे होते. मीटरगेजच्या रुळाचा हा तुकडा कोणीतरी हद्द दाखवायला पुरून ठेवला होता; नव्वदच्या दशकात मार्ग रुंद झाला आणि त्याची भावंडे गेली, हा मात्र राहिला.

मी हे मास्तरांना समजावले. शिवाय ही रेल्वे 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर लंडनच्या कंपनीने बांधली, 1888 च्या सुमारास मुरगावपासून सरहद्दीपलीकडच्या कॅसलरॉकपर्यंत गाडी धावू लागली ती तिच्याच भांडवलावर, तेव्हा पोर्तुगीजांनी खांबच काय, रूळही टाकला नव्हता, असेही ऐकवले.

‘‘मग भांडवलावरच्या व्याजाची हमी कोणाची होती?’’ मास्तरांनी हेल्मेट चढवत विचारले.

हमी पोर्तुगीज सरकारचीच होती. कंपनीच्या नावातही ‘पोर्तुगीज गॅरंटीड’ असे शब्द होते. तेवढ्यात फाटक उघडले, आणि मास्तर विजयी मुद्रेने माझ्यापुढे निघून गेले.