थपडीला श्रेय देऊ नका

अभिनेत्री ललिता पवारांबद्दलचा एक मजकूर गेली काही वर्षं फिरतो आहे. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवलं तेव्हा तो जोरात पसरला आणि आता जयंती-पुण्यतिथीला हमखास येतो. त्यात म्हटलेलं थोडक्यात असं: चित्रीकरणात नट भगवानदादांनी मारलेल्या एका थपडीने सुंदर नायिकेचा डोळा गेला आणि कारकीर्द संपली. त्या डोळ्यामुळेच पुढे तिला खाष्ट सासवा मिळत गेल्या. 'रामायण'मधल्या मंथरेने तिला अमर केलं, कारण मंथरा तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेली होती. आणि पडद्यावर जन्मभर दुसऱ्यांना छळलं म्हणून शेवटी केल्या कर्माचं फळ भोगावं लागलं.

मला तो माझ्या मावशीने पाठवला, मनापासून हळहळून. तिच्यावर माझा राग नाही, मजकुरावर आहे.

थपडीची गोष्ट खरी आहे. 1942, 'जंग-ए-आझादी'चं चित्रीकरण, समोर भगवान. फटका नको तेवढ्या जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, दीर्घ उपचार करावे लागले आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. तो अपघात होता. पुढे 'अलबेला'ने सगळ्यांना आपलेसे झालेल्या भगवानदादांना दर वर्षी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचं काही कारण नाही.

पण 'कारकीर्द संपली'? मुळात कारकीर्द कोणती होती ते आधी बघा. 1916 साली जन्मलेली येवल्याची ही मुलगी मूकपटांच्या काळात, लहानपणीच पडद्यावर आली. 1932 च्या 'कैलास' या मूकपटात तिने काम केलं आणि निर्मितीतही वाटा उचलला. 'हिंमत-ए-मर्दां'मध्ये ती स्वतः गायली. 1938 मध्ये 'दुनिया क्या है'ची निर्मिती केली, तेव्हा वय होतं बावीस. स्वतःचा पैसा आणि नाव पणाला लावून चित्रपट काढणाऱ्या बाईला हा मजकूर 'सुंदर चेहरा' एवढ्यावर उरकतो, ते मला सगळ्यात जास्त लागतं. शिवाय भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर', वि. स. खांडेकरांच्या लेखणीतून उतरलेला मास्टर विनायकांचा 'अमृत' (1941) हे सगळं थपडीच्या आधीचं.

आणि नंतरचं? 1944 मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा 'रामशास्त्री' आला. त्यात आनंदीबाई कोण, तर ललिता पवार. 'ध'चा 'मा' करणारी, मराठी माणसाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या घर करून बसलेली बाई. प्रभातने असली भूमिका दया म्हणून कुणाला दिली असेल, असं मला क्षणभरही वाटत नाही. त्यानंतर नव्वदच्या दशकापर्यंत त्या काम करत होत्या. थपडीच्या आधीची वर्षं चौदा-पंधरा, नंतरची पन्नासच्या घरातली. ज्याला संपलं म्हणायचं, त्याचा मोठा हिस्सा त्या दिवसानंतरचाच आहे.

आता कळीचा मुद्दा: डोळ्यामुळे भूमिका मिळाल्या. दुर्गा खोटे, लीला चिटणीस यांना कुणी थपड मारली होती? अशोककुमारबरोबर 'कंगन', 'बंधन' गाजवणाऱ्या लीलाबाई 1948 च्या 'शहीद'मध्ये दिलीपकुमारची आई झाल्या. नायिकांना आई, मावशी, सासू व्हायला लावणं ही तेव्हाच्या धंद्याची रीतच होती, चेहरा धडधाकट असो वा नसो. ललिताबाईंना त्या वाटेने जरा लवकर जावं लागलं, एवढं अपघाताच्या खात्यावर जरूर मांडा. त्या वाटेवर त्यांनी जे केलं ते मात्र त्यांचं स्वतःचं.

यासाठी 1959 हे एकच साल पुरेसं आहे. त्या वर्षी 'अनाडी' आला आणि 'सुजाता'ही आला. दोन्हींत नूतन, दोन्हींत ललिता पवार. 'सुजाता'त त्या जातीचा सोवळेपणा हाडीमांसी भिनलेली घरातली वडीलधारी बाई आहेत. ती दुष्ट नाही, तिला आपण योग्यच वागतो असं वाटतं, आणि म्हणूनच ती अंगावर येते. अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या पोरीसमोर त्यांचं सगळं अंग आक्रसतं. 'अनाडी'त त्याच बाई मिसेस डिसा, राज कपूरची घरमालकीण. तोंडाने फाडफाड बोलायचं आणि त्याच दमात लेकासारखं जपायचं. औषधातल्या विषाने मिसेस डिसा जातात आणि तिच्या खुनाचा आळ त्याच लेकावर येतो, तेव्हा आपल्या घरातलं माणूस गेल्यासारखं होतं. ह्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. दोन्ही चित्रपटांत डावा डोळा तोच, तेवढाच बारीक. एकात त्यातून तिरस्कार दिसतो, दुसऱ्यात माया. अभिनय डोळ्याच्या व्यंगात असता तर दोन्हीकडे एकच काहीतरी दिसलं असतं.

'फक्त खाष्ट सासू' ह्याला उत्तर म्हणून 'श्री 420'मधली केळी विकणारी गंगामाई आणि 'आनंद'मधली मेट्रन आठवावी. 1961 मध्ये तर 'जंगली'तली हसण्यावरच बंदी घालणारी आई, 'हम दोनो'मधली आई, 'संपूर्ण रामायण' आणि 'मेम-दीदी' असे चार चित्रपट एकाच वर्षात आले. 'मेम-दीदी' हृषीकेश मुखर्जींचा. त्याचं नावच त्यांच्या भूमिकेवरून आहे आणि वस्तीतल्या दोन दांडगटांना, डेव्हिड आणि जयंतना, ही बाई वठणीवर आणते. 'अनाडी' आणि 'आनंद'सुद्धा हृषीदांचेच. ह्या माणसाला त्यांच्या चेहऱ्यात पुन्हा पुन्हा माया दिसली. त्याच 1961 सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांच्या नावावर आहे.

माझी सगळ्यात आवडती भूमिका मात्र 'प्रोफेसर' (1962) मधली सीतादेवी. भाच्यांना करड्या शिस्तीत ठेवणारी आत्या, शब्द म्हणजे चाबूक. म्हाताऱ्याचं सोंग घेतलेला शम्मी कपूर शिकवणीला येतो आणि ही बाई त्या 'म्हाताऱ्या'च्या प्रेमात पडते. भूमिका हास्यासाठी लिहिलेली आहे आणि हसू येतंही. पण ललिताबाई तिला नुसती हास्यास्पद होऊ देत नाहीत. आवाजाची धार हळूहळू बोथट होत जाते, ताठ मान सैलावते, आरशासमोरची लगबग वाढते, बोलता बोलता नजर खाली जाते. उतारवयात कुणीतरी आपल्याकडे माणूस म्हणून पाहिलं, ह्याने मोहरलेली बाई दिसू लागते. ज्या चेहऱ्याबद्दल 'नायिकेचा चेहरा गेला' म्हणतात, त्याच चेहऱ्यावर ही लाज उमटलेली आहे. एकदा बघाच.

आता मंथरा. ती त्यांना काही सत्तरीत नशिबाने सापडली नव्हती. 'संपूर्ण रामायण'मध्ये त्यांनी मंथरा करूनच ठेवली होती. पुढे पाव शतकानंतर, 1987 मध्ये रामानंद सागरांच्या मालिकेत तीच भूमिका आली तेव्हा त्या सत्तर ओलांडत होत्या. कुबड आणि वाकलेली चाल ठसठशीत आहे, ती कुणालाही लक्षात राहते. पण कान भरण्याचा प्रसंग नीट ऐका. रामाच्या राज्याभिषेकाच्या बातमीने कैकेयी हरखली आहे. मंथरा तिला लगेच रामाविरुद्ध भडकवत नाही. आधी काळजी, मग भरताचं काय होणार ही भीती, मग तुझं स्वतःचं काय, आणि विष अगदी शेवटी. तिच्या जिभेवर माहेराहून आलेल्या जुन्या दासीचा हक्क आहे आणि तो हक्क खरा वाटतो म्हणूनच पद्मा खन्नांची कैकेयी वळते. हे काम आवाजाचं आहे, थांबण्याचं आहे. डोळा मिटून ऐकलं तरी मंथरा समोर उभी राहते.

राहिली कर्मफळाची ओळ. ललिताबाई 24 फेब्रुवारी 1998 ला पुण्यात गेल्या, वय 81. माणूस कसा जातो ह्याचा आणि त्याने कुठल्या भूमिका केल्या ह्याचा काडीचा संबंध नाही. पडद्यावर गळा कापणाऱ्या किती नटांच्या मृत्यूचा हिशेब आपण असा मांडतो? खलनायक पुरुष घरी किती प्रेमळ होता हे आपण कौतुकाने सांगतो आणि सासू करणाऱ्या बाईला मात्र तिचं मरणसुद्धा शिक्षा म्हणून वाचून दाखवतो. बाकी मजकूर पाठवायचा तर पाठवा, निदान ही ओळ खोडून मग पाठवा. मावशीलाही मी तेच सांगितलं.